भिकाताईंची गल्ली

भिकाताईंबरोबर रस्त्यानं जायचं म्हणजे हाताशी भरपूर वेळ ठेवूनच निघावं लागे. अमरावतीच्या आमच्या मुलींच्या शाळेपासून आमची गल्ली काही लांब नव्हती, पण बाईंची नजर सदा जमिनीवर. लाजाळू होत्या म्हणून नव्हे, लाज हा प्रकार त्यांच्या गावीही नव्हता. "थांबा जराशा," म्हणत भर बाजारात वाकायच्या. उठायच्या तेव्हा हातात काय असेल ते सांगता येत नसे. फुटक्या बांगडीची काच, मोटारीचं गुलाबी तिकीट, पतंगाचा फाटका कान, नाहीतर कुणाच्या परकराची सुटलेली नाडी. मी ओशाळून इकडेतिकडे बघायची. समोरून शाळेतल्या मुलींचे आईवडील यायचे, हो!

"अहो ताई, लोक काय म्हणतील?"

"काय म्हन्तीन? म्हन्तीन, बाईचं काही पडलं वाटते."

आणि उचललेली वस्तू पदराच्या टोकाला बांधून पुढं चालायला लागायच्या. घरी पोचेपर्यंत पदराला लिंबाएवढी गाठ झालेली असे. मी भूगोल शिकवायची, त्या शिवण शिकवायच्या. शिवाय आमची घरं एकाच गल्लीत, समोरासमोर. त्यामुळं त्या गाठीतून काय काय निघतं ते मला रोज बघावं लागे आणि, खोटं कशाला बोलू, पुढं पुढं बघितल्याशिवाय चैन पडत नसे.

नाव ऐकून नव्या मुली फिदीफिदी हसायच्या. मोठ्या बाईंनी एकदा सुचवलं होतं की शाळेपुरतं तरी सुलभा किंवा सुमन असं काहीतरी लावा. भिकाताई म्हणाल्या, "मायनं दारोदार पदर पसरून आनलेलं नाव हाय ते. असं कसं टाकू?" मोठ्या बाईंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

ती गोष्ट त्यांनी मला मधल्या सुटीत, डब्यातली भाकरी मोडता मोडता सांगितली होती. माहेर अंजनगाव सुर्जीकडचं. काळ्या मातीची चांगली जमीन, घरात दाणागोटा भरपूर, पण पाळणा काही टिकत नव्हता. यांच्या आधीची भावंडं वर्षाच्या आत गेली. मग ही पोर झाली तेव्हा आईनं आमच्या वऱ्हाडात करतात तेच केलं. ज्या घरी लेकरं जगत नाहीत, त्या घरच्या लेकराला विकतचं कापड घालायचं नाही. आईनं स्वतः पाच घरी पदर पसरून चिंध्या मागायच्या आणि त्यांचं आंगडं शिवून लेकराच्या अंगात घालायचं. म्हणजे ते लेकरू आपलं नाही, भिकेत मिळालेलं आहे, असं मृत्यूला वाटतं आणि तो दाराशी येऊन परत जातो. म्हणून नाव भिका.

"पाच घरं पुरे असतात," त्या म्हणाल्या, "पन मायी माय भेदरलेली. तिनं सारं गाव पालथं घातलं. पाटलाच्या घरचं, तेल्याच्या घरचं, मोमिनाच्या घरचं, सारं सारं त्या आंगड्यात होतं. ते तिनं जपून ठेवलं. मी बोलाले लागली तशी मले मांडीवर घेऊन इचारे, हा तुकडा कोनाचा? हा कोनाचा? अ आ ई शिकाच्या पहिले मी घरं शिकली."

इथूनच त्यांना गोळा करायचा नाद लागला असावा. काडेपेट्यांवरची चित्रं, कापडाच्या ताग्यांवर चिकटवलेले हत्ती-घोड्यांचे छाप, लग्नपत्रिकांचे कोपरे, मोरपिसं, सरकी, काचा. एवढं सगळं ठेवायचं कुठं? घरात शेणामातीनं लिंपलेली धान्याची मोठी कोठी होती, माणसाच्या उंचीची. पोरीनं कणकेची खळ केली आणि ही सगळी माया त्या कोठीवर चिकटवायला सुरुवात केली. खालपासून वरपर्यंत गाव उठवलं. छापातला हत्ती पाटलाच्या दारात, बांगडीच्या काचांची नदी, पत्रिकेवरचा गणपती देवळात.

वडील तापट. त्यांनी कोठी पाहिली आणि पोरीला आणि तिच्या आईला अशा शिव्या घातल्या की शेजारी जमा झाले. पण पुढं गंमत झाली. अशा कोठीला खाली, बुडाशी एक भोक असतं, बोळा काढला की धान्य आपोआप बाहेर येतं. त्या बोळ्यावरच पोरीनं नेमकं आपलं घर चिकटवलेलं. बोळा काढायचा तर घर फाटणार. पेरणीचे दिवस आले. वडिलांनी दोनदा हात पुढं केला, दोनदा मागं घेतला. मग शिडी लावली, वर चढले आणि वरच्या तोंडातून बादलीनं धान्य उपसलं. त्यानंतर दर वेळी शिव्या देत देत शिडी लावायचे, पण बोळ्याला हात लावला नाही.

"म्हनून सांगतो," भिकाताई म्हणायच्या, "आपुन काही फेकत नसतो. ठेवाची जागा चुकलेली असते, बस." (आमच्याकडच्या बायका 'मी सांगतो', 'मी जातो' असंच म्हणतात. पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत.)

त्यांची शिवणाची तऱ्हाही या कोठीवरूनच आलेली. शाळेच्या अभ्यासक्रमात नव्या पांढऱ्या कापडावर टाक्यांचे नमुने करायचे असत. ते त्या रीतसर शिकवत, चोख शिकवत. पण स्वतःचं काम वेगळंच. चिंधी जशी मिळाली तशीच ठेवायची, आकारासाठी तिला कात्री लावायची नाही. "कैची लावली का कापड रुसते." तुकडा हातात फिरवायचा, उलटासुलटा करायचा, आठवडा आठवडा उशाशी ठेवायचा, आणि त्याची जागा सापडली की कडा मुडपून शेजारच्या तुकड्याला जोडायचा. खाली आख्खं कापड नाही, मागं अस्तर नाही. तुकड्यानं तुकड्याला धरून राहायचं. गोधडी म्हणावं तर गोधडी नव्हे, चित्र म्हणावं तर चित्र नव्हे. बायका विचारायच्या, "हे पांघरायचं की बघायचं?" त्या म्हणायच्या, "थंडी वाजली तर पांघरा."

मुलींनाही त्यांनी हा नाद लावला. घरून एक एक तुकडा आणायचा, पण त्याची गोष्ट सांगता आली पाहिजे, अशी त्यांची अट. आमच्याच गल्लीतल्या वकिलांच्या मुलीनं चकचकीत काळा तुकडा आणला. गोष्ट विचारली तर म्हणाली, "बाबांचा आहे." दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब स्वतः शाळेत हजर. कोर्टाचा कोट उलटा करून दाखवला. आतलं अस्तर हातभर गायब!

भिकाताईंनी कोट हातात घेतला, नीट पाहिला. "सायेब, आतलंच तर हाय. जजाले कुठं दिसते?"

वकीलसाहेबांनी एकदा कोटाकडे पाहिलं, एकदा ताईंकडे. मग असे हसले की डोळ्यांना पाणी आलं. तुकडा त्यांनी परत मागितला नाही. अस्तर मात्र भिकाताईंनी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन नवं बसवून दिलं.

त्यांचे यजमान कापसाच्या जिनिंग प्रेसमध्ये होते. अबोल, सज्जन माणूस. आपलं धोतर वाळत घातलं की खुर्ची टाकून समोर राखण करत बसत. धोतराला जरा कुठं भोक पडलं की बायकोच्या डोळ्यांत चमक येते, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं.

आता गल्लीबद्दल. साठ सालानंतरची गोष्ट. भिकाताईंनी आमची गल्ली करायला घेतली. एका कापडात सगळी गल्ली, दोन्ही बाजूंची घरं, मधला रस्ता जुन्या छत्र्यांच्या काळ्या कापडाचा. भिंती कुठल्याही चिंध्यांच्या, पण प्रत्येक घराचं दार मात्र त्याच घरच्या कापडाचं. त्यासाठी त्यांनी आईसारखा पदर पसरला आणि दारोदार फिरल्या. आमच्या घरी आल्या तेव्हा माझ्या सासूबाईंनी तोंड वाकडं करत का होईना, जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा दिला. वकिलांचं दार त्या काळ्या अस्तराचं. दोन वर्षं रोज संध्याकाळी त्या ओसरीवर बसून जोडत होत्या आणि आमची गल्ली इंच इंच वाढत होती.

तेवढ्यात शाळेत बातमी आली. मुंबईला हस्तकलांचं मोठं प्रदर्शन भरणार, त्यासाठी काम निवडायला एक साहेब सोमवारी अमरावतीला येणार. मोठ्या बाईंनी भिकाताईंचं नाव दिलं. त्या दिवशी रस्त्यानं येताना बाई चक्क समोर बघून चालत होत्या. एकही वस्तू उचलली नाही.

"मालतीबाई," त्या म्हणाल्या, "सारा जनम मले लोकं शिवनाची बाई म्हनत आले. खोटं नाही ते. पन मले वाटते का एकडाव त्या मुंबईच्या भिताडावर मायी गल्ली टांगलेली पाहावं. बाजूनं उभं राहावं. कोनी काही बोललं नाही तरी चालन."

एवढं मनातलं त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये गल्ली टांगली आणि आमच्या गल्लीतल्या बायकांना बघायला बोलावलं. बाप्पा, काय तो गलका! जी ती आपलं दार शोधतेय. "हे आमचं! हे सासूबाईंचं लुगडं!" वकीलीणबाई अस्तरापुढं हसताहेत, माझ्या सासूबाई आमच्या हिरव्या दाराला हळूच हात लावून बघताहेत.

शेवटच्या घराची विमल मात्र बोलत नव्हती. विमल म्हणजे पोस्टातल्या कारकुनाची बायको, विशी-बाविशीची. तिची चार वर्षांची बेबी आदल्या वर्षी तापानं गेली होती. विमलच्या दाराचं कापड पिवळं, त्यावर तांबडे ठिपके. ती त्या ठिपक्यांवर बोट टेकवून उभी होती. एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर.

भिकाताई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "विमल, हे बेबीच्या फ्राकाचं का वं?"

विमलनं मान हलवली.

"तुले न इचारता आलं का?"

"आत्याबाईनं देलं," विमल हळूच म्हणाली. आत्याबाई म्हणजे तिची सासू. "मी माहेरी होती तवा. घरात नको म्हने ते." आणि लगेच, "राहू द्या ताई. चांगलं दिसून राह्यलं." पदर सावरून ती निघून गेली.

रविवारी सकाळी मी भिकाताईंकडे गेले, तर गल्ली ओसरीवर पसरलेली आणि बाई सुईच्या टोकानं विमलच्या दाराचे टाके उसवत बसलेल्या. माझं डोकंच फिरलं.

"अहो, उद्या साहेब येणार! ती राहू द्या म्हणाली ना?"

"तोंडानं म्हनली. मनातून नाही म्हनली. मायी माय सांगे, मनातून देलेलं नसन तर ते कापड लावू नोको."

"बरं, द्या परत. पण त्या जागी दुसरं लावा. पेटीभर चिंध्या आहेत तुमच्याकडे. पिवळं काही सापडेलच की. साहेबाला काय कळतंय?"

त्यांनी मान वर केली. रागावल्या नव्हत्या. "साहेबाले नाही कळनार. पन विमल पाह्यले आली तर? तिच्या घराले कोना दुसऱ्याचं दार लावू मी?"

तरी बोललेच. दोन वर्षं, मुंबई, आयुष्यात एकदाच येणारी संधी, सगळं सगळं ऐकवलं. त्या उसवत राहिल्या. तुकडा मोकळा झाला तसा तो हातानं सपाट केला, घडी घातली आणि शेवटच्या घरी जाऊन देऊन आल्या. परत येऊन त्या भोकाच्या कडा बारीक टाक्यांनी मुडपून घेतल्या. इतक्या बारीक की टाका शोधून सापडू नये.

सोमवारी साहेब आले. गृहस्थ चांगले होते, उगाच खोट काढणारे नव्हते. गल्लीसमोर बराच वेळ थांबले, जवळ जाऊन पाहिलं, लांब जाऊन पाहिलं. मग त्या भोकातून पलीकडची भिंत दिसत होती तिथं बोट ठेवून म्हणाले, "इथं राहिलंय वाटतं. काम सुरेख आहे बाई, पण अपुरं पाठवता येत नाही. पुरं करा, पुन्हा बघू."

भिकाताई "बरं" म्हणाल्या. हसून म्हणाल्या. संध्याकाळी त्यांच्या परसातल्या नळाशी उभ्या राहून, नळ मोठा सोडून रडल्या. मी चौकशीला गेले तेव्हा दिसल्या. "मले जायचं होतं वो मुंबईले," एवढंच म्हणाल्या आणि तोंड धुतलं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना पुन्हा वाकून काहीतरी उचललं. बदामी रंगाचं बटण होतं.

पुढच्या वर्षी माझ्या यजमानांची बदली अकोल्याला झाली आणि आम्ही अमरावती सोडली. अकोल्यात बायकांच्या मंडळात माझी जरा ऊठबस झाली. थंडीत मंडळानं कलाकुसरीचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मुंबईचे तेच साहेब पुन्हा निवडीसाठी येणार असं कळलं. मी हटूनच बसले. मंडळाच्या बायकांना म्हटलं, अमरावतीहून अशी एक गल्ली आणते की बघत राहाल. हॉलमधली सगळ्यात चांगली भिंत अडवून ठेवली. भिकाताईंना निरोप धाडला की दार बसवून आणा. उलट निरोप आला की येते.

सकाळच्या मोटारीनं त्या उतरल्या. डोक्यावर पत्र्याची पेटी, काखेत पिशवी. हॉलमध्ये आल्या, पेटी उघडली, आम्ही दोघींनी गल्ली भिंतीवर टांगली आणि मी मागं सरकून पाहिलं.

एकाही घराला दार नव्हतं.

वकिलांचं नाही, आमचं नाही, एकाचंही नाही. सगळ्या भोकांच्या कडा तशाच बारीक टाक्यांनी मुडपलेल्या, आणि सगळ्यांतून भिंतीचा चुना दिसत होता.

"ताई! हे काय करून आणलंत?"

त्या पेटीवर बसल्या. पाणी प्यायल्या. मग शांतपणे सांगितलं. विमलला दिवस गेले होते. दोन महिन्यांपूर्वी पोरगा झाला. बेबी गेलेली, म्हणून सगळं घर धास्तावलेलं. सव्वा महिना होऊन घराबाहेर पडली तशी विमल स्वतः पदर पसरून भिकाताईंच्या दारात आली, लेकराच्या आंगड्यासाठी एक चिंधी मागायला.

"मायाच दारात पहिले आली. मी म्हटलं, पोरी, अशी ओली बाळंतीण पाच घरी कुठं फिरतं? मायाजवळ तर साऱ्या गल्लीचं मागून आनलेलं हाय. पन मागच्या वक्ती धडा शिकली होती ना. एकेका घरी जाऊन इचारलं. तुमच्या सासूबाई तिकडं आल्या होत्या, त्यायलेही इचारलं. म्हटलं, तुमचं दार लेकराले देऊ का?"

सासूबाई मध्यंतरी अमरावतीच्या जुन्या घरी जाऊन राहिल्या होत्या. मला त्यांनी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"काय म्हणाल्या?"

"म्हने, दे वं, त्यात काय इचारते."

"आणि ते पिवळं?"

"ते तिच्या पेटीत हाय. ते तिथंच बरं."

मी गल्लीकडे पाहिलं. राग यायला हवा होता. मंडळापुढं मी शब्द टाकला होता, साहेब चार वाजता येणार होते. पण मला आमच्या हिरव्या दाराची जागा तेवढी दिसत होती. ते दार आता एका लेकराच्या अंगावर होतं.

"आता थांबा तरी," मी म्हटलं. "साहेबांना तुम्हीच समजावून सांगा."

"थांबता येत नाही ना. उद्या त्याले आंगडं घालाचं, अन् एक बाही राह्यली हाय मायी. दोनची मोटार धरतो."

साहेबांचं आधीच सांगून टाकते. ते आले, त्यांनी गल्ली ओळखली, गालात हसले आणि म्हणाले, "बाई, मागच्या वेळी एक दार राहिलं होतं, आता सगळीच राहिली!" मी जे सांगायचं ते सांगितलं. ते पुन्हा गल्लीजवळ गेले, एका रिकाम्या दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. मान हलवली. पण नियम तो नियम, अपुरं काम पाठवता येत नाही. मुंबई दुसऱ्यांदा हुकली, ती कायमची. गल्ली माझ्याकडेच राहिली. आजही माझ्या बैठकीत आहे. नातवंडं त्या दारांतून बोटं घालतात, मी रागवत नाही.

भिकाताईंना मी शेवटचं पाहिलं ते त्या दुपारी, अकोल्याच्या मोटार स्टँडवर. त्यानंतर आमची भेट झाली नाही. खिडकीजवळची जागा मिळाली होती. पेटी पायाशी, आणि पिशवीतून त्यांनी ते आंगडं काढलं. एवढंसं. हिरवं, काळं, जांभळं, पट्ट्यापट्ट्यांचं. आमची सगळी गल्ली त्यात तळहाताएवढी होऊन बसलेली. एक बाही लागलेली, दुसरीची जागा रिकामी.

मोटार सुरू झाली. मी खिडकीशी धावले. "अहो, पण साहेबांनी विचारलं की या घरांची दारं कुठं गेली, तर काय सांगू मी?"

भिकाताईंनी सुईत दोरा ओवला, दातानं तोडला आणि माझ्याकडे पाहिलं.

"सांगजा, दारं उघडी टाकून सारी गल्ली लेकरू पाह्यले गेली."

मोटार हलली. त्या मान खाली घालून बाही लावायला लागल्या.